अक्कलदाढ तिसऱ्यांदा सुजली: काढायची की थांबायचं?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. प्रश्न लहान भावाबद्दल आहे, वय २३. खाली डावीकडची अक्कलदाढ अर्धी वर आलीय, अर्धी हिरडीखाली आहे. आठ महिन्यांत तिथली हिरडी तीन वेळा सुजली. दर वेळी क्रम तोच: आधी गिळताना टोचतं, दुसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका, तिसऱ्या दिवशी तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. पाच दिवस गोळ्या घेतल्या की उतरतं. सध्या सूज आहे, ताप नाही.

ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र मोठा एक्स-रे) काढलाय. ही दाढ पुढे कलून शेजारच्या दाढेला टेकलेली दिसते, कागदावर '३८, मेसिओअँग्युलर' लिहिलंय. खाली उजवीकडची सरळ आणि पूर्ण बाहेर आहे. वरच्या दोन्हीही बाहेर आल्यात. एका डॉक्टरांनी चारही काढून टाका म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले फक्त ही एक काढा. घरातली मोठी माणसं म्हणतात उन्हाळ्यात दाढ काढू नये, आणि वरची काढली तर डोळ्यांना त्रास होतो.

एक काढावी की चार? आत्ता सूज असताना काढून घ्यावी का? ओठ कायमचा बधिर होतो म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? आणि नंतरचे आठ दिवस काय सांभाळायचं? नेमकं सांगा.

दादरभाकरी (पाचोरा)

ताई, डोळ्यांचं आधी मिटवते. वरच्या दाढांच्या नसा आणि डोळ्याची नजरेची नस यांचा एकमेकींशी संबंध नाही. दाढ काढल्याने नजर जात नाही. वरच्या दाढेच्या मुळांजवळ असतं ते सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी. म्हणून वरची दाढ काढल्यावर आठवडाभर जोरात नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पाणी पिताना ते नाकात उतरायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर जखम मे महिन्यातही भरते. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा खरा धोका पाणी कमी पडण्याचा असतो. तोंड दुखतं म्हणून माणूस पाणी पीत नाही आणि दुसऱ्या दिवशी चक्कर येते. बाकीचं दंतशल्य डॉक्टर सांगतील, या धाग्यावर ते येतातच.

सातपुडा_दंतशल्य (जळगाव)

ताई, तुमच्या भावाची ३८ नंबरची दाढ काढायची. बाकी तिन्हींना आज हात लावायचं कारण तुमच्या माहितीत मला दिसत नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण 'सगळ्यांच्या काढतात' किंवा 'पुढे त्रास होईल' ही कारणं पुरेशी नाहीत.

आधी नंबर. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की आठवी ती अक्कलदाढ. वर उजवीकडे १८, वर डावीकडे २८, खाली डावीकडे ३८, खाली उजवीकडे ४८. साधारण १७ ते २५ या वयात त्या येतात. काहींना एखादी मुळातच नसते, तेही नॉर्मल. 'मेसिओअँग्युलर' म्हणजे दाढ पुढच्या बाजूला, सातव्या दाढेवर कललेली. खालच्या अडकलेल्या दाढांमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. काढायला अवघड असते ती मागे कललेली, कारण तिला बाहेर यायला वाटच जबड्याच्या हाडाने अडवलेली असते.

आता हिरडी सुजते कशी ते बघा. अर्धवट आलेल्या दाढेच्या मागच्या अर्ध्या भागावर हिरडीचं झाकण राहतं. त्या झाकणाखाली बोथट सळई घालून जरा उचललं की आत पांढरट-पिवळा थर आणि भाकरीचे कण सापडतात, आणि वासावरूनच कळतं की हे आजचे नाहीत. तिथे ब्रश पोचत नाही, हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना नेमकं हेच लागतं. हिरडी फुगली की वरची २८ नंबरची दाढ चावताना तिच्यावर आदळते. नीट पाहिलं तर सुजलेल्या झाकणावर वरच्या दाढेचे टोचे उमटलेले दिसतात. सूज मागे चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडेनासं होतं. गोळ्यांनी जंतू कमी होतात, पण झाकण जागच्या जागी राहतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तीनदा झालं म्हणजे चौथ्यांदा होणार असं धरूनच चाला.

काढायला पक्की कारणं ही: हिरडी वारंवार सुजणं किंवा एकदाच पण जबर सुजणं, अक्कलदाढ किडलेली आणि भरता न येण्यासारखी, सातव्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड किंवा तिथलं हाड झिजलेलं, दाढेभोवती गाठ किंवा पिशवी. यातलं सातव्या दाढेचं कारण मी सगळ्यांत वर ठेवतो. पुढे कललेली आठवी आणि सातवी यांच्यामधल्या फटीत कीड लागते, ती आरशात दिसत नाही, दुखायला लागते तोवर नसेपर्यंत गेलेली असते. चावायला खरोखर उपयोगी असलेली सातवी दाढ बिनउपयोगी आठवीपायी जाते. भावाच्या ओपीजीत ३७ च्या मागच्या कडेला काळी सावली आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. शंका असेल तर तेवढ्याच भागाचा छोटा एक्स-रे काढून घ्या, त्यात कीड जास्त स्पष्ट दिसते.

पुढचे दात वाकडे होतील म्हणून अक्कलदाढ काढा, हा सल्ला अजूनही दिला जातो. त्याला भक्कम आधार नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात थोडे दाटतातच, ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचेही. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. सरळ आलेली, ब्रश पोचणारी, न किडलेली ४८ तशीच राहू द्या. पुढे कधी सातवी गमवावी लागली तर तीच आठवी ब्रिजला आधार म्हणून कामी येऊ शकते. वर्षातून एकदा तपासा, एवढं पुरे.

एक अपवाद २८ चा. खालची काढल्यावर तिला चावायला समोर काही उरत नाही, मग ती हळूहळू खाली सरकू शकते. ती गालाला चावत असेल किंवा किडली असेल तर त्याच बैठकीत काढणं शहाणपणाचं. चांगली असेल तर नाही. हा निर्णय तोंडात बघूनच होतो, फोटोवरून नाही.

सूज असताना काढायची का? शक्यतो नाही. तोंड उघडत नाही तिथे हत्यार नीट पोचत नाही, शिवाय पू असलेल्या जागी भूल नीट लागत नाही. आज करायचं ते असं: क्लिनिकमध्ये झाकणाखालची जागा सिरिंजने सलाइन मारून धुऊन घ्यायची. याने एका दिवसात जेवढा फरक पडतो तेवढा नुसत्या गोळ्यांनी पडत नाही. मग आठ-दहा दिवसांनी, तोंड अडीच-तीन बोटं उघडायला लागलं की दाढ काढायची. पण सूज उतरली आणि दुखणं थांबलं की माणसं तारीख पुढे ढकलतात, आणि पुन्हा दवाखान्यात येतात ती चौथी सूज घेऊनच. म्हणून तारीख आजच ठरवून ठेवा.

मात्र काही लक्षणं दिसली तर तारखेची वाट बघायची नाही. हनुवटीखाली किंवा गळ्यात टणक सूज, जीभ वर उचलल्यासारखी होणं, थुंकी गिळता न येणं, आवाज जड होणं, श्वासाला त्रास. असं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जायचं. खालच्या अक्कलदाढेचा पू जबड्याखालच्या पोकळ्यांत उतरतो आणि श्वासाची वाट काही तासांत अरुंद करू शकतो.

तापीकाठ

डॉक्टर, खूप खूप आभार. ओठाच्या बधिरपणाचं राहिलं. आणि प्रत्यक्ष काढताना काय करतात तेही सांगाल का? तो घाबरलाय, आधी माहीत असलं तर बरं पडेल.

सातपुडा_दंतशल्य (जळगाव)

हो, सांगतो. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते, ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. ओपीजीत तिचा मार्ग दोन समांतर पांढऱ्या रेषांमधून दिसतो. अक्कलदाढेची मुळं त्या रेषांच्या वर संपत असतील तर काळजी कमी. मूळ रेषांवर येतं तिथे ते जास्त काळं दिसत असेल, वरची पांढरी रेषा तुटलेली असेल किंवा नळी तिथे एकदम वळत असेल, तर मूळ नसेला चिकटून आहे असं समजायचं आणि सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे काढायचा. सगळ्यांनाच तो लागत नाही. फार चिकटलेलं असेल तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याची पद्धतही आहे.

बधिरपणा आला तरी बहुतेक वेळा नस फक्त दबलेली असते आणि काही आठवडे ते काही महिन्यांत जाणीव परतते. कायमचा बधिरपणा क्वचित, पण 'होतच नाही' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. जिभेची नस वेगळी, ती दाढेच्या आतल्या बाजूने जाते. तिच्या बाबतीत जिभेची अर्धी बाजू बधिर होते, चवही कमी लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे दोन्ही विचारा. ओठ ताणला जाऊन काही वाकडं दिसेल ही भीती मात्र सोडा, ही नस जाणिवेची आहे, हालचालीची नाही.

काढताना पूर्ण भूल बहुतेकांना लागत नाही. २ टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, पाचेक मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. नंतर दाब आणि ओढ जाणवते, कळ जाणवायला नको. कळ आली तर हात वर करायचा, आणखी भूल देता येते. हिरडीला चीर देऊन ती बाजूला करतात, दाढेभोवतीचं थोडं हाड सलाइनची धार चालू ठेवून ड्रिलने कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा काढतात. तुकडे करतात म्हणजे दाढ 'तुटली' असं नाही. पुढे कललेली दाढ अखंड ओढायची तर सातवीला धक्का बसतो आणि हाडही जास्त कोरावं लागतं. तुकडे करताना कडकन आवाज येतो, तो त्याला आधीच सांगून ठेवा, निम्मी भीती त्या आवाजाचीच असते. मग जागा धुऊन दोन-तीन टाके. एकूण अर्धा-पाऊण तास.

त्या दिवशी पोटभर जेवून जायचं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चुकवायच्या नाहीत. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आधी विचारायचं. हाडांच्या ठिसूळपणासाठी अॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड घेतलेलं असेल तर नक्की सांगायचं, त्यात जबड्याचं हाड भरायला अडचण येते.

तारीख सोमवार-मंगळवारची घ्या. नंतरची गुंतागुंत बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी समजते. गुरुवारी काढली तर नेमका याच दिवसांत रविवार आडवा येतो.

औषधवाला_भुसावळ

दुकानावर येऊन 'दाढ ठणकतेय, काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणणारे रोज असतात, म्हणून औषधांबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, अँटिबायोटिक ही दुखण्याची गोळी नाही. ताप असेल, तोंड उघडत नसेल, सूज पसरत असेल तर डॉक्टर बहुधा अॅमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोल लिहितात. चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि बरं वाटलं म्हणून दोन दिवसांत सोडू नका. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर निदान ४८ तास दारूचा थेंबही नको. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असं होतं. तोंडाला धातूसारखी चव येते, ती या गोळीमुळेच, घाबरू नका.

दुखण्यासाठी धडधाकट मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, ही जोडी दाढेच्या दुखण्यावर चांगली चालते. गोंधळ होतो तो इथेच. बाजारातल्या कितीतरी गोळ्यांत हे दोन्ही आधीच एकत्र असतात. गोळ्यांच्या स्ट्रिपवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते वाचा, नाहीतर एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. पॅरासिटामॉल सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, दमा, किंवा डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन आणि त्याच्या भाऊबंद गोळ्या टाळा. सुजेसाठी म्हणून मित्राच्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड घेणं तर नकोच, मधुमेह असलेल्याची साखर त्याने भडकते.

हिरडीवर गोळी दाबून ठेवणं बंद करा. अॅस्पिरिन हिरडीवर ठेवली की तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघते. लवंगेचं तेल कापसावर थोडं लावलं तर कळ कमी होते, पण तेच निव्वळ तेल चमचाभर तोंडात धरलं तर भाजतं. गालावर बाहेरून गरम शेक किंवा बिब्बा तर अजिबात नाही. बिब्ब्याने कातडी जळते आणि शेकामुळे पू गालाकडे वाट काढू शकतो, त्याची खूण चेहऱ्यावर राहते.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्ट आणि ते यांत अर्धा तास अंतर ठेवा, एकापाठोपाठ घेतलं तर परिणाम घटतो. दोन आठवड्यांच्या वर लागोपाठ नको, दातांवर तपकिरी डाग येतात.

दादरभाकरी (पाचोरा)

आता काढल्यानंतरचे आठ दिवस. मी डेंटल ओपीडीत असते, ज्या चुकांनी माणसं परत येतात त्याच सांगते.

कापसाची घडी ४५ मिनिटं घट्ट चावून धरायची. दर पाच मिनिटांनी काढून 'रक्त थांबलं का' बघायचं नाही, त्यानेच रक्त थांबत नाही. लाळ गिळायची. थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, चूळ भरायची नाही, हे पहिले २४ तास. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते ती म्हणजे जखमेचं झाकण, ओढ लागली की ती निघते. लाळ गुलाबी दिसणं चालतं. तोंड भरून लाल रक्त येत असेल तर नवी घडी करून अर्धा तास दाबायची, तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, १५ मिनिटं लावायचा, १५ मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. मगच उतरते. २४ तासांनंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर, आणि पाणी तोंडात नुसतं डोकं हलवून फिरवायचं, खुळखुळवायचं नाही. पाणी हळूच ओघळू द्यायचं. टाके विरघळणारे नसतील तर सातव्या दिवशी काढतात.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. केळी कुस्करून दुधात शिकरण, गार केलेली मऊ खिचडी आणि वर तूप, ताक, वरण-भात. वरण-बट्टीतली बट्टी तिसऱ्या-चौथ्या दिवशीसुद्धा वरणात पार विरघळवून, दुसऱ्या बाजूने. शेवभाजी, ठेचा, पापड, बिबड्या दहा दिवस नाहीत. तीळ आणि खसखस तर दोन आठवडे टाळा, ते दाणे खड्ड्यात जाऊन बसतात. वांग्याचं भरीत चालेल, पण मिरची बाजूला आणि गार झाल्यावर. चोपडा-यावलकडे बागेत काम असेल तर तीन दिवस केळीचे घड उचलायचे नाहीत, जोर लावला की रक्त पुन्हा सुटतं.

चौथ्या दिवशी आरशात बघितल्यावर खड्ड्यात पिवळट-पांढरा मऊ थर दिसतो. बहुतेक जण तो पू समजून काडीने खरवडतात. तो पू नाही, ती भरणारी जखम आहे. बिघडलेली जागा वेगळी दिसते: खड्डा रिकामा, तळाशी करडं उघडं हाड, घाण वास, आणि कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढून कानात, कानशिलात जाणं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. गोळ्या वाढवून ते जात नाही. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, तासाभरात आराम पडतो, पट्टी दोन-चार वेळा बदलावी लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. मशेरी आणि तंबाखूही निदान आठवडाभर पूर्ण बंद.

गुटख्याबद्दल वेगळं लिहिते. राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी खाणारे आहेत. तोंड उघडत नाही याचं कारण दर वेळी अक्कलदाढ नसतं. दाढेमुळे असेल तर दोन-चार दिवसांत, दुखण्यासकट बंद होतं आणि उतरतं. महिनोन्महिने हळूहळू कमी उघडत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, ठेच्याचं बोटही तोंडाला जाळत असेल, तर तो सुपारीमुळे होणारा वेगळा आजार आहे. त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो, त्याची तपासणी आधी.

धडगाव_आरोग्य

एक गोष्ट राहिली, ती नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्यांसाठी. आपल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, तपासणी झालेली असेल तर कार्ड घरात असेल. दाढ काढायला जाताना ते सोबत न्या.

फक्त वाहक, म्हणजे एएस असलेल्याला जागेवरच्या भुलीत सहसा अडचण नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाचं तसं नाही. दाढेचा जंतुसंसर्ग, उपाशीपोटी लांबचा प्रवास, पाणी कमी पडणं, गारठा, यांतलं काहीही तीव्र वेदनेचा झटका आणू शकतं. म्हणून वरचा बर्फाचा सल्ला एसएस रुग्णाने पाळू नये, आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिमोग्लोबिन आधी तपासायचं आणि दाढ शक्यतो जिथे फिजिशियन आहे अशा ठिकाणी काढायची.

आणखी एक. एसएस रुग्ण 'दाढ दुखी राहिनी' म्हणत येतो, पण एक्स-रेत दाढ चांगली असते, हिरडी सुजलेली नसते, कधी हनुवटी बधिर असते. ते दुखणं जबड्याच्या हाडातल्या झटक्याचं असू शकतं. अशा वेळी दाढ काढून दुखणं थांबत नाही, आणि चांगली दाढ मात्र जाते.

तापीकाठ

आज क्लिनिकमध्ये जागा धुऊन आणली. ३७ च्या मागे डॉक्टरांना सावलीसारखं वाटलं म्हणून छोटा एक्स-रे काढला, वरवरची कीड आहे, ३८ काढल्यावर भरता येईल म्हणाले. पुढच्या आठवड्यातला मंगळवार ठरवला, एकच दाढ. २८ गालाला लागत नाही, म्हणून ठेवायचीय. एक विचारायचं राहिलं: ३७ त्याच दिवशी भरायची का?

सातपुडा_दंतशल्य (जळगाव)

त्याच दिवशी नको. रक्त आणि ओल असलेल्या जागी भरण नीट चिकटत नाही. टाके निघाल्यावर, हिरडी बसली की दोन-तीन आठवड्यांत भरा. त्याहून लांबवू नका. जेवणानंतर तिथे एक बारीक डोक्याचा ब्रश मागच्या कडेला फिरवायची सवय त्याला आत्तापासून लावा, दाढ गेल्यावर ती कड पहिल्यांदाच ब्रशच्या हाताला लागेल.